आठ फूट जागा

या, असे पुढे सरका. दाराशी बसलेल्यांनीही आत यावं. माणसानं थोडं अंग चोरलं की जागा होतेच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आज मी तुम्हाला अशाच अंग चोरून दिलेल्या जागेची गोष्ट सांगणार आहे. सगळी मिळून आठ फुटांची. ऐकता ऐकता कुणाची बाजू घ्याल, मग सोडाल, पुन्हा घ्याल, तर लाजू नका. त्या घरातल्या माणसांनीही त्या एका दुपारी तेच केलं.

आधी चष्म्याच्या दुकानातल्या दोघा भावांची ओळख करून घ्या. थोरले दादा. दुकानाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे आणि कुणाकडून काहीही घ्यायचे नाहीत. धाकटे ते शेठ. हे नाव त्यांना आईनंच ठेवलं होतं, वयाच्या सहाव्या वर्षी. दादांच्या पेन्सिलीला टोक करून दिलं की ते दादांकडून एक गोटी घेत, आणि टोक मोडलं तर दुसऱ्यांदा फुकट करून देत. शेठ आजही तसेच होते. दादाही तसेच. पेन्सिली मोडत आणि गोट्या देत एकाहत्तर वर्षांचे झालेले.

त्या रविवारी दुकान बंद होतं. रस्त्याकडच्या लांबलचक खोलीत, जिथं शेठ गिऱ्हाइकांचे डोळे तपासत, चौघं जण चहा घेऊन बसली होती: दादा, त्यांची बायको मोठी काकू, शेठ आणि शेठची मुलगी मुंगी. अंगानं एवढीशी आणि हातातलं काम न सोडणारी, म्हणून मुंगी. आई गेल्यापासून ती मोठ्या काकूच्याच हाताखाली वाढली. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेऊन दोन वर्षं वडिलांच्या काउंटरला बसत होती. आज दादा तिला मागच्या खोलीची खुर्ची देणार होते. किल्ली त्यांनी रुमालात बांधून आणली होती.

“मला काही बोलता येत नाही,” दादा म्हणाले.

“चाळीस वर्षं असंच म्हणता आणि मग तासभर बोलता,” शेठ म्हणाले. “चहा निवण्याआधी आटपा.”

दादा हसले. “एवढंच म्हणतो, की मी बुधवारी जे केलं, ते हिनं करावं. बाकीचे वार तुझे.”

शेठनी लेकीकडे पाहिलं. त्यांना ही वाटणी पसंत नव्हती. तिचा हात हलका होता, गिऱ्हाईक तिचं नाव घेऊन येऊ लागलं होतं, आणि आज एक बुधवार दिला की उद्या अख्खा आठवडा मागच्या खोलीत जायचा, हे त्यांना दिसत होतं. दादांच्या बाबतीत तसंच झालं होतं, बुधवार सुरू झाला आणि ते पुढच्या काउंटरला पुन्हा बसलेच नाहीत. पण भावाच्या तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. नाही म्हणणं हे मुंगीवर होतं.

आणि मुंगी म्हणाली, “दादा, त्या खोलीत मी नाही बसणार.”

शेठनी कप खाली ठेवला. मोठ्या काकूंनी पदराला हात पुसला, जो ओला नव्हता.

“का गं?” दादांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मुंगीला पुढचं बोलणं अवघड झालं.

चार दिवस ती हेच वाक्य घोटत होती. बुधवारी संध्याकाळी एक बसचालक काउंटरशी आला होता. धिप्पाड माणूस, पण एखाद्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा उभा.

“ताई, मला विकतचा चष्मा करून द्या.”

“डोळ्यावर आहे तो आमच्याच दुकानातला दिसतोय.”

“हो. दादांनी दिला. फार चांगला आहे.” तो थोडा थांबला. “फक्त दिसत नाही.”

मुंगीला हसू आलं आणि लगेच गेलंही. त्याची वर्षाची डोळेतपासणी झाली होती, चष्मा लावून, आणि त्यात तो नापास झाला होता. पंधरा दिवस तो बस चालवत नव्हता, धूत होता. महिनाभरात पुन्हा तपासणी. त्यात नापास झाला की कायमचं धुणंच.

“मग मागं दादांना दाखवायचा होतात. आज बुधवारच आहे.”

“देवमाणूस आहे तो. स्वतःच्या हातानं डोळ्यावर चढवला, कानामागं नीट बसवला. त्यांना कसं म्हणू? तुम्हीही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.”

“आणि गिऱ्हाईक म्हणून घेतला असता तर?”

“गिऱ्हाईक असतो तर,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “इथंच तुमच्या काचेवर आपटला असता.”

मुंगीनं त्याला पुढच्या खोलीत बसवून तपासलं. दोन्ही डोळ्यांना अर्ध्या नंबरानं कमी काच होती. दादांचा हात एवढा चुकत नाही. मग दादा घरी गेल्यावर ती मोजायची फीत घेऊन मागच्या खोलीत गेली.

“दादा,” आता ती म्हणाली, “तुमच्या खोलीतल्या तपासणीच्या खुर्चीपासून अक्षरांच्या तक्त्यापर्यंत बारा फूट आहेत.”

दादांनी मान हलवली, कळलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

“वीस हवेत.”

“वीसच आहेत. वडिलांनी मोजून खुर्ची खिळवली होती.”

“खुर्ची खिळलेली आहे. भिंत पुढे आलीय.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगीच वाजवत गेलं.

मायबाप, हे सोपं आहे, पण एकदा नीट ऐका. वीस फुटांवरून वाचायचा तक्ता बारा फुटांवर आणला की त्यावरची अक्षरं मोठी दिसतात. खालची बारीक ओळ माणूस घडाघडा वाचतो. तपासणाऱ्याला वाटतं, एवढ्या काचेवर याचं भागतंय. प्रत्यक्षात भागत नसतं. तो बाहेर पडतो आणि त्याला जग पुसटच दिसतं. पहिल्यापेक्षा बरं दिसतं, म्हणून तो दुवा देतो. पूर्ण दिसत नाही, हे त्याला कधी कळतच नाही.

आणि भिंत पुढे कशी आली, तेही ऐका. अकरा वर्षांपूर्वी शेठच्या मुलाचं, म्हणजे मुंगीच्या भावाचं लग्न ठरलं, त्याला खोली हवी होती. शेठनी दादांच्या खोलीतले आठ फूट मागितले आणि दादा म्हणाले, घे. मुलगा पुढं तीन वर्षांत परगावी गेला. त्या आठ फुटांत आता शेठच्या रिकाम्या खोक्यांची चळत होती.

“मी चोरली नाही हं जागा,” शेठ आधीच म्हणाले. “विचारून घेतली. दादा, तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, मला एवढी खोली काय करायचीय.”

“म्हणालो,” दादा म्हणाले.

“मी दहा वेळा विचारलं, अडचण नाही ना होणार.”

“विचारलंस.”

“मग?”

दादा उठले. मागच्या दाराशी गेले, ते ढकललं आणि तिथूनच बराच वेळ आपल्या खोलीकडे पाहत राहिले. “तू विचारलंस तेव्हा मी एकच विचार केला, की मला चालेल का. मला चाललं असतं. मला सहा फुटांतही चाललं असतं. तो तक्ता कामगारांनी नव्या भिंतीवर टांगला, आणि मला वाटलं, माझीच खोली लहान झाली.” ते वळले. “त्यांचीही झाली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मोठ्या काकूंना ते बघवेना. त्या दिराकडे वळल्या. “भावजी, तुम्ही बोलू नका काही. ज्यांनी स्वतः कुणाला घोटभर पाणी पाजलं नाही, त्यांनी दुसऱ्याचं पाणी गढूळ म्हणू नये.”

“मी काही म्हणालोच नाही, वहिनी.”

“तोंडावर दिसतंय.”

“चष्मा लावून बघताय ना, मग दिसणारच,” शेठ म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी चहाचा निवलेला कप उचलला आणि एका घोटात संपवला.

मुंगीला वाटलं होतं, हे सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते नुसतं एका छातीवरून दुसऱ्या छातीवर गेलं होतं. ती म्हणाली, “दादा, अकरा वर्षांत एकही माणूस परत आला नाही? दिसत नाही म्हणून?”

“आले नाहीत, म्हणजे नीट दिसतंय असं मी धरलं.”

“माझ्याकडं परत न फिरकलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं असतं,” शेठ म्हणाले. यावेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, धंदेवाल्याचं साधं ज्ञान होतं. “दादा, रागावू नका. मी लोभी माणूस. मी दाम घेतो, म्हणून लोक मला शिव्या घालतात. डावी दांडी टोचते, उजवीकडचं तिरकं दिसतं, तुम्ही लुटारू आहात. मी शिव्या खातो आणि दांडी वाकवून देतो. शिव्यांनीच माझे चष्मे सरळ होतात. तुम्हाला कोण शिव्या घालणार?”

“म्हणजे लोभ बरा, असं म्हणायचंय तुला?”

“मी कुठं कीर्तन करतोय? माझ्या दुकानात असं होतं, एवढंच सांगतोय.”

“त्यांची नावं, पत्ते काही?” मुंगीनं विचारलं. पुढच्या खोलीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर, नाकाची रुंदी, कधी आला, कशावरून भांडला, सगळं लिहिलेलं असे.

“नाहीत. दिलेलं लिहून ठेवू नये, असं वडील म्हणायचे. लिहिलं की मिरवावंसं वाटतं.”

मुंगीला वडिलांचा राग यायला हवा होता, त्यांनीच जागा घेतली होती. राग येत होता तो दादांचा, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. ज्या माणसानं तिला अक्षर न् अक्षर त्या तक्त्यावरून शिकवलं, त्याच्यावर रागावायचं म्हणजे काय.

दादांनी रुमालाची गाठ सोडली. किल्ली मेजावर ठेवली, पण मुंगीच्या बाजूला सरकवली नाही. “खोली बंद करू या. चांगलं करायला गेलो आणि शेकडो माणसांना अर्धवट दिसेल अशी सोय केली. त्यापेक्षा काही केलं नसतं तर ती दुसरीकडे गेली असती. निदान पैसे टाकून भांडली तरी असती.”

हे ऐकून शेठना बरं वाटायला हवं होतं. लेक मोकळी झाली होती, आठ फुटांवर त्यांची खोकी कायम राहणार होती. आणि तेच म्हणाले, “बंद करायची नाही.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“असे बघू नका. मला काही पाझर फुटलेला नाही. तुमचा बुधवार आहे म्हणून माझे बाकीचे वार चालतात. लोक म्हणतात, ज्याचा भाऊ फुकट देतो तो आपल्याला काय लुबाडणार. मी तुमच्या नावावर जगलोय, दादा, आणि तुमच्या फ्रेमा माझ्या नफ्यातून आल्यात. आता गप्प बंद केलीत तर गावभर होईल, की यांनी आंधळे चष्मे वाटले आणि दार लावून घेतलं. त्यापेक्षा मी ती भिंत पाडतो. दुकानाच्या अब्रूसाठी पाडतोय. उगाच मला संत करू नका.”

“भिंत पाडून काय होणार?” दादा म्हणाले. “भिंत वीस फुटांवर गेली तरी मी तोच. पुन्हा कुणी काही सांगणार नाही.”

मोठ्या काकू इतका वेळ कपबशा गोळा करत होत्या. त्यांनी त्या पुन्हा मेजावर मांडल्या, एकेक करून, आणि खुर्चीवर बसल्या.

“मलाही दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हा चष्मा तुम्हीच केलात. नऊ वर्षं झाली. तुमच्याच खोलीत. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत की माणसं उभी आहेत, हे मला इथून कळत नाही. एकदा मी एका चादरीला हात केला.”

शेठना हसू आवरेना, त्यांनी तोंड फिरवलं. दादा मात्र हसले नाहीत.

“नऊ वर्षं? आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही एवढ्या आनंदानं डोळ्यावर ठेवलात. म्हणालात, आता बघ. मी म्हटलं, छान दिसतंय.” काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “मग रोज वाटायचं, उद्या सांगू. चार दिवस गेले की सांगणं म्हणजे भांडण उकरणं होतं. आणि तुम्ही माझ्यासाठी एवढं करता, मी काय तोंड घेऊन...” त्या थांबल्या. “मी तुमची बायको. मला सांगता आलं नाही. त्या बिचाऱ्यांचं काय घेऊन बसलात?”

दादा खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, “मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी करतो.” मग आणखी हळू, “नाराज होऊन गेलेला एक माणूस मला बघवत नव्हता. म्हणून कुणी नाराज झालाच नाही. हा माझाच लोभ होता की.”

हे खरं होतं की नव्हतं, मी नाही सांगणार. पुढे बऱ्याच वर्षांनी मुंगीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, थोडं खरं होतं, पण सगळं खरं मानलं तर दादांवर अन्याय होईल. लोकांना पुसट का होईना दिसायला लागलं होतं, ते शेठच्या सचोटीनं नव्हे, दादांच्या मायेनंच.

शेठ उठले, गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली. “वहिनी, बसा इथं. इथून वीस फूट पुरेपूर आहेत, मी माझ्या फायद्यासाठी राखलेत.”

काकू बसल्या. मुंगी तपासणीची जड फ्रेम घेऊन पुढे आली, पण दादांनी हात पुढे केला आणि तिनं ती त्यांच्या हातात दिली. दादांनी फ्रेम बायकोच्या नाकावर ठेवली, एक काच घातली.

“बरं आहे,” काकू म्हणाल्या.

“बरं नको. दिसतंय का सांग.”

“दिसतंय की.”

“शेवटची ओळ वाच.”

काकूंनी डोळे बारीक केले. “थोडी वळवळतेय, पण चालेल.”

“चालेल नको,” दादा म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. माझ्याशी भांड.”

“आता या वयात कशाला भांडू?”

“वहिनी, गिऱ्हाइकासारखं बसा,” शेठ मागून म्हणाले. “पाठ ताठ करा. नाक मुरडा. तुम्ही मोप पैसे मोजलेत असं समजा.”

दादांनी काच बदलली. काकू नेहमीप्रमाणे मान हलवणार होत्या. मग थांबल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “ही नाही. आधीची बरी होती. उजवीकडची आधीची, डावीकडची नाही. आणि ही काच धुवून तरी घालायची, बोटं उमटलीत.”

“आणखी?”

“फ्रेम नाकावर रुततेय.”

“आणखी?”

“आणखी घाई करू नका. मला बघू द्या नीट.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात इतकी ‘नाही’ दादांनी कधी ऐकली नव्हती. प्रत्येक ‘नाही’ला ते “बरं” म्हणत होते आणि पुढची काच उचलत होते. शेवटी काकू तक्त्याची खालची ओळ वाचून गेल्या, आणि तशाच खिडकीकडे वळल्या. जड फ्रेम दोन्ही हातांनी धरून त्या समोरच्या गच्चीकडे पाहत राहिल्या.

“चादरी आहेत,” त्या म्हणाल्या. “चार. एकीला ठिगळ आहे.”

मुंगीनं मेजावरची किल्ली उचलली. कुणी दिली नाही, तिनंच घेतली. “बुधवारी मी बसेन,” ती म्हणाली, “पण दादा, तुम्ही शेजारी बसायचं. मी काच घालेन आणि तुम्ही माणसाला भांडायला लावायचं.”

“आणि लिहून ठेवायचं,” शेठ म्हणाले. “मिरवायला नाही, शोधायला.”

भिंत त्याच आठवड्यात पडली. खोक्यांवरून शेठ दोन दिवस कुरकुरत होते. दारावर पाटी लागली, दादांनी स्वतः लिहिलेली: ‘बुधवारी इथून चष्मा नेलेल्यांनी परत यावं. नीट दिसत नसेल तर आमच्यावर रागवावं, ही विनंती.’ मायबाप, आपण देवाशीसुद्धा भांडतोच की. पाऊस का नाही, पोर आजारी का, म्हणून भांडतो, आणि त्यानं आपली भक्ती काही आटत नाही. मग माणसाच्या उपकारापुढं आपली जीभ का गोठते, हे मला अजून उमगलेलं नाही.

बसचालक पहिल्याच बुधवारी आला. दादांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, दांडी जरा सैल आहे. दादांना केवढा आनंद झाला. तपासणीत तो पास झाला आणि पुन्हा बस चालवू लागला. हळूहळू बाकीचेही आले, कुणी पाटी वाचून, कुणी ऐकून. ज्यांना पाटी वाचता आली नाही त्यांना मुंगीनं गल्लोगल्ली जाऊन शोधलं. दीडशेच्या वर सापडले.

जे सापडले नाहीत त्यांतला एक दादांच्या मनातून गेला नाही. उंच, वाकून चालणारा इस्त्रीवाला. आठ वर्षांपूर्वी एकदाच आला होता. चष्मा लावल्यावर त्यानं आधी दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रडला, मग त्यांचे पाय धरले. त्याचं नाव दादांनी विचारलं नव्हतं. दादा गेले त्या वर्षीही दर बुधवारी ते मुंगीला विचारत, तो आला का गं. म्हणत, सगळ्यांत जास्त दुवा त्यानं दिला, आणि तोच पुसट घेऊन गेला.

तर आता उठण्याआधी एवढं माझं ऐका. तुम्ही चार गावं फिरणारी माणसं. कुठं इस्त्रीच्या टेबलामागं असा उंच माणूस दिसला, डाव्या मनगटावर भाजल्याचा त्रिकोणी डाग असलेला, आणि लांबून कोण येतंय ते डोळे बारीक करून बघणारा, तर त्याची आठवण ठेवा. त्याला म्हणावं, चष्मा बरा आहे असं सांगू नकोस. दुकान तिथंच आहे, मुंगी बुधवारी बसते. जा आणि भांड.